भिंतीतला पिंपळ आणि बाटलीतलं ॲसिड

पावसाळा सरताना परळ-लालबागच्या कुठल्याही जुन्या चाळीकडे मान वर करून पाहा. दुसऱ्या मजल्याच्या छज्जाखाली, सांडपाण्याच्या पाइपाच्या सांध्याशी किंवा गच्चीच्या कठड्यात हृदयाच्या आकाराची, टोकाला शेपूट असलेली चार-सहा पानं हमखास वाऱ्यावर हलताना दिसतील. तो पिंपळ असतो. कधी उंबर, कधी वड. पण बहुतेक वेळा पिंपळच. 1982 च्या संपानंतर बंद पडलेल्या गिरण्यांच्या भिंतींवर आणि चिमण्यांवर तर या झाडांनी कुणाचीही परवानगी न घेता वस्ती केली. तिथे त्यांना उपटायला कुणी नव्हतं. चाळीत माणसं राहतात, म्हणून तिथे प्रश्न येतो: हे काढायचं कसं?

त्याची उत्तरं घरोघरी तयार असतात. कुणी म्हणतं मुळाशी हिंग भरा, कुणी मीठ, कुणी रॉकेल. हार्डवेअरवाला ॲसिड सुचवतो आणि गावाहून आलेला एखादा नातलग तणनाशकाची बाटली घेऊन येतो. यातल्या बहुतेक उपायांनी पिंपळाचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते भिंतीचं आणि कधीकधी घरातल्या माणसांचं. पिंपळ तिथे का आणि कसा जगतो हे नीट कळलं, तर विषाशिवाय त्याला काढता येतं. फक्त त्याला चिकाटी लागते आणि कधीकधी गवंडी.

पिंपळाचं फळ म्हणजे खरं तर फळ नव्हे. आतल्या बाजूला फुलं असलेली ती एक मिटलेली पिशवी असते. तिच्यात शिरून परागीभवन करणारा किडा पिंपळासाठी ठरलेला आहे, मिलिमीटर-दोन मिलिमीटरची एक गांधीलमाशी. वडाची वेगळी, उंबराची वेगळी. मग पिकलेली फळं खायला बुलबुल, साळुंकी, कोकीळ, कावळे, वटवाघळं आणि मुंबईचा शहरपक्षी म्हणून निवडलेला तांबट हे सगळे येतात. फळातल्या अनेक बारीक बिया त्यांच्या पोटातून सहीसलामत बाहेर पडतात. पक्षी बसतो कुठे? तारेवर, पाइपावर, कठड्यावर, छज्जावर. विष्ठेच्या थेंबासोबत बी भिंतीच्या फटीत पडतं. जंगलात हेच बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात पडतं आणि रोप जमिनीपासून उंचावर, मूठभर कचऱ्यावर तगून राहतं. जमिनीशिवाय आयुष्याची सुरुवात करणं हा या कुळाचा मूळ स्वभावच आहे. आपली भिंत त्याला डोंगराच्या कड्यासारखी किंवा झाडाच्या फांदीसारखीच वाटते.

पण प्रत्येक फटीत पिंपळ उगवत नाही. कोरड्या फटीतली रोपं पहिल्या उन्हाळ्यातच मरतात. जे जगतं त्याला कुठून तरी बारा महिने पाणी मिळत असतं. मोरीचा फुटका पाइप, गच्चीवरच्या टाकीची ओघळ, तुंबलेली पन्हळ, भिंतीत मुरणारं सांडपाणी. म्हणून भर उन्हाळ्यात हिरवागार असलेला भिंतीतला पिंपळ हा गळतीचा पत्ता समजावा. झाड काढलं आणि गळती ठेवली, तर दोन वर्षांनी त्याच जागी दुसरं झाड येतं. याच कारणाने मी गवंड्याआधी प्लंबरला बोलवा असं सांगेन.

आता भिंतीचं काय होतं ते पाहू. मूळ दगड-विटा फोडत आत घुसतं असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. मुळाचं कोवळं टोक काही फोडत नाही. ते आधीच असलेल्या केसाएवढ्या फटीतून ओलीच्या दिशेने सरकतं. परळच्या गिरणगावातल्या बऱ्याच जुन्या चाळी विटा आणि चुन्याच्या, लाकडी तुळयांच्या आहेत. चुना सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो आणि सिमेंटपेक्षा मऊ असतो. मुळाला याहून चांगलं काय हवं? एकदा आत पोचलं की मग ते जाड होऊ लागतं. सालीखालचा पेशींचा पातळ थर वर्षानुवर्षं नवं लाकूड तयार करत राहतो आणि ही वाढ दोन्ही बाजूंच्या विटांना सावकाश पण न थांबता रेटते. दरजा उघडतात. उघडलेल्या दरजेतून पावसाचं पाणी आत जातं, चुना धुपतो, तुळईचं टोक कुजतं. गॅलरी कोसळते तेव्हा दोष झाडाचा दिसतो. पण झाड, पाणी आणि दुर्लक्ष या तिघांनी मिळून ते केलेलं असतं.

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीच्या बीडीडी चाळी मात्र 1920 च्या दशकातल्या सिमेंट काँक्रीटच्या. तिथे मूळ शिरलं की पाणी आतल्या लोखंडी सळईपर्यंत पोचतं. गंजलेली सळई मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेते आणि काँक्रीट आतून फुगून पोपडे पडतात. तेव्हा इमारत कशाची आहे, हे झाड काढण्याआधी माहीत असायला हवं.

यावरूनच ॲसिड का नको ते लक्षात येईल. बाजारात मिळणारं ‘ॲसिड’ बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. चुना म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून झालेलं कॅल्शियम कार्बोनेट. दोघं भेटले की फसफस होते आणि चुना विरघळून जातो. म्हणजे पिंपळाचं खोड वरवर भाजतं आणि त्याच्या मुळाभोवतीची भिंत मात्र खरोखरच खिळखिळी होते. काँक्रीटमध्ये या आम्लातले क्लोराइड सळईपर्यंत जाऊन गंज वाढवतात. मूळ खोलवर जिवंत राहतं आणि पुढच्या पावसात, आता अधिक रुंद झालेल्या फटीतून, कोंब काढतं. हे काम दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीतून वाकून, पत्र्याच्या डब्यातून ॲसिड ओतत केलं जातं. खाली चौकात मुलं खेळत असतात. डोळ्यात थेंब गेला तर कायमची इजा होऊ शकते. मोरी धुताना वापरलेली ब्लीचिंग पावडर तिथेच असेल, तर ॲसिडशी मिसळून क्लोरीन वायू निघतो. दम्याच्या रुग्णाला तो थोडाही पुरे. ॲसिडच्या सरसकट विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये निर्बंध घातले ते ॲसिडहल्ल्यांमुळे. पण घरात ॲसिड साठवू नये याला ते एकच कारण नाही.

‘घरगुती’ उपायांबद्दल आपण जरा जास्तच निर्धास्त असतो. मीठ हे त्याचं उत्तम उदाहरण. भिंतीत मीठ भरलं की तेही क्लोराइडच. ते ओल ओढून घेतं, सळई गंजवतं, विटांवर पांढरी फुली आणतं आणि गिलावा सोडवतं. अंगणात ओतलं तर झाडाइतकीच मातीही मारतं. तिथे पुढे तुळसही नीट वाढत नाही. रॉकेल जुन्या लाकडी चाळीत नेणं हा तर आगीशी खेळ. मोरचूद तांब्याचं क्षार आहे, मातीतून ते जात नाही, आणि पोटात गेलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटण्यापासून मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत मजल जाते. निळे सुंदर खडे, लहान मुलाच्या हाताला येतील असे, कुठेही ठेवू नयेत.

राहिला हिंग. हिंगाने पिंपळ मेल्याच्या हकिकती पुष्कळ ऐकू येतात. खोडात भोक पाडायचं, हिंग भरायचा, वर माती लिंपायची. त्या हकिकतींत नीट विचारलं तर कळतं, की भोक पाडण्याआधी झाड कापलेलंही होतं, किंवा साल सोलली होती, किंवा त्याच सुमारास पाइपाची गळती बंद झाली होती. चमचाभर हिंग भोकाभोवतीच्या थोड्या पेशींपर्यंत पोचतो. भिंतीत हातभर पसरलेल्या मुळांपर्यंत जाण्याचा मार्ग त्याला नाही. उपद्रव फारसा नाही, खर्च मात्र बराच. हिंग आमटीतच बरा.

तणनाशकांचं वेगळं. ग्लायफोसेट हे रसायन पानांतून मुळांपर्यंत पोचतं आणि वनस्पतींमधली एक प्रक्रिया अडवतं, जी माणसाच्या शरीरात नसते. म्हणून ते जगभर खपलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. इतर काही नियामक संस्थांनी ते मत मानलं नाही आणि तो वाद अजून मिटलेला नाही. भारतात मात्र केंद्र सरकारने 2022 मध्ये त्याचा वापर प्रशिक्षित कीडनियंत्रकांपुरता मर्यादित करण्याचा आदेश काढला. म्हणजे घरच्या घरी फवारायची ही वस्तू नव्हे. त्याहून भयंकर आहे पॅराक्वाट. त्यावर उतारा नाही. चुकून गेलेला एखादा घोटही फुप्फुसं हळूहळू निकामी करून माणसाला मारू शकतो. अशी औषधं खेड्यातून शहरात येतात ती बहुधा पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून, आणि दहा बाय बाराच्या खोलीत ती बाटली ठेवायला सुरक्षित जागा नसते. माझ्या मते सगळ्या वादांपेक्षा हा मुद्दा मोठा आहे.

मग काढायचं कसं?

रोप दोन ते सहा पानांचं असेल तर काम पाच मिनिटांचं. भाद्रपद-आश्विनात, भिंत अजून ओली असताना, रोप मुळाच्या अगदी जवळ धरून सरळ रेषेत, सावकाश ओढावं. झटका दिला की देठ तुटतो आणि मूळ आत राहतं. फट पातळ चाकूने किंवा जुन्या स्क्रूड्रायव्हरने खरवडून स्वच्छ करावी आणि बुजवावी. दर वर्षी नवरात्राच्या साफसफाईत छज्जे, पन्हळी आणि पाइपांचे सांधे एकदा पाहून घेतले, तर या लेखातला पुढचा भाग बहुतेक इमारतींना लागणारच नाही. हाताला येत नसेल तिथे खिडकीबाहेर लोंबकळू नये. परळच्या इमारतींत उंचीवरून पडून होणाऱ्या जखमा पिंपळापेक्षा महाग पडतात.

खोड अंगठ्याएवढं झालं की ओढायचं नाही. आता त्याने विटा धरल्या आहेत आणि विटांनी त्याला. दोरी लावून खेचलं तर झाडासोबत भिंतीचा तुकडा खाली येतो. जुन्या भिंतीत तर काही ठिकाणी मूळच विटांना बांधून ठेवत असतं. कंबोडियातल्या ता प्रोमच्या मंदिरात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने अनेक वर्षं जतनाचं काम केलं, तिथे दगडांना मिठी मारलेली प्रचंड झाडं मुद्दाम राखली आहेत. ती काढली तर त्यांच्यावर रेललेल्या भिंतींचं काय, हा तिथला खरा पेच. आपल्याकडे किल्ल्यांच्या बुरुजांवर श्रमदान करणाऱ्या मंडळींनाही हाच पेच पडतो. चाळीची भिंत बुरुजापेक्षा पातळ आणि तिच्या आत माणसं झोपलेली, त्यामुळे इथे स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय हात घालू नये.

पद्धत अशी: बांबूची परांची, आधी फांद्या छाटून वजन कमी करणं, मग खोड भिंतीलगत करवतीने कापणं. त्यानंतर गवंडी मुळाच्या वाटेने दरजा उकरत जातो, सैल विटा एकेक काढतो, मूळ शक्य तितकं मागपर्यंत उचलून घेतो आणि विटा पुन्हा बसवतो. एका वेळी थोडाच भाग उघडायचा, गरज पडल्यास टेकू देऊन. बुजवताना चुन्याच्या भिंतीला चुनाच लावावा, चुना-सुरखी-वाळूचा. कडक सिमेंट लावलं की आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, सिमेंटच्या कडेने नवी फट पडते आणि पुढचा पिंपळ तिथेच येतो. चुन्याचं काम जाणणारे कारागीर आता शोधावे लागतात, हे खरं आहे. पण मिळतात.

आत खोलवर राहिलेलं मूळ मरेल का? उपाशी ठेवलं तर मरेल. मुळात साठवलेला पिष्टमय पदार्थ ही झाडाची शिल्लक. कापल्यावर ते याच शिलकीतून नवे कोंब काढतं. कोंबाची पानं मोठी झाली की ती साखर तयार करून खर्च भरून काढतात. आपण मधेच आडवं यायचं. कोंब दिसला की पानं पूर्ण उलगडण्याआधी, दोन-तीन आठवड्यांच्या आत, खुडून टाकायचा. दर वेळी खर्च होतो, जमा काहीच होत नाही. दोन पावसाळे हे नेमाने केलं की बहुतेक मुळं थकतात. महिनाभर दुर्लक्ष झालं की मात्र पहिल्यापासून सुरुवात. आधी कापायचं तेही वेळ पाहून: मुंबईत पिंपळाची पानं साधारण माघ-फाल्गुनात गळतात आणि चैत्राच्या आगेमागे तांबूस पालवी येते. पालवी नुकती भरली असताना शिल्लक सर्वांत कमी असते. त्या सुमाराला कापलेलं झाड पुन्हा उभं राहायला जास्त धडपडतं, आणि भिंतही तेव्हा कोरडी असते. फांद्यांत घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबावं.

जमिनीतल्या झाडाचं गणित थोडं निराळं. परळच्या चाळींच्या मागच्या बोळात, कंपाउंडच्या कडेला नको असलेलं झाड बहुधा सुबाभूळ असतं. मेक्सिकोकडचं हे झाड चारा आणि सरपणासाठी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडे जोरात लावलं गेलं आणि आता जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. कापलं की बुंध्यातून झाडूसारखे कोंब येतात. इथे शेंगा वाळण्याआधी कापणं महत्त्वाचं, कारण बिया मातीत वर्षानुवर्षं टिकतात. बुंधा जमिनीलगत कापून त्यावर जाड काळं प्लास्टिक घट्ट अंथरावं, कडांवर विटा ठेवाव्यात. उजेड नाही तर पान नाही. लहान बुंधा असेल तर कुदळ-पहारीने चर खणून आडव्या मुळ्या तोडून उपसणं सर्वांत खात्रीचं, फक्त खालून पाण्याची किंवा विजेची लाइन जात नाही ना ते पाहून. नारळ-ताडाला मात्र यातलं काहीच लागत नाही. त्यांना सालीखालचा वाढता थर नसतो, शेंडा गेला की कोंब नाही. पण नारळाचं कुजतं खोड अंगणात ठेवू नये, त्यात गेंड्या भुंग्याची पैदास होते आणि तो शेजारचे नारळ पोखरतो.

बुंध्याभोवतीची साल पट्ट्यासारखी सोलून झाड मारण्याची युक्ती शेतकरी जाणतात. पानांतली साखर सालीतूनच मुळांकडे उतरते. ती वाट तुटली की मुळं उपाशी मरतात. मात्र पाणी लाकडातून वर चढतच राहतं, म्हणून झाड महिनोन्महिने हिरवं दिसतं आणि मग उभ्या उभ्या वाळतं. वस्तीत वाळकं झाड उभं ठेवणं म्हणजे संकट टांगून ठेवणं. 2017 च्या जुलैत चेंबूरमध्ये नारळाचं झाड कोसळून रस्त्याने चालणाऱ्या महिलेचा जीव गेला होता. ही युक्ती रानात ठीक, चाळीत नाही.

राहिलेला बुंधा बुरशीच्या हवाली करावा. त्यात भोकं पाडून शेणखत किंवा ओलं कंपोस्ट भरावं, वर माती लोटावी, ओल टिकवावी. काही वर्षांत तो भुसभुशीत होतो. भोकं उघडी ठेवू नयेत: त्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची एक पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते. आणि बुंधा जाळायचा तर अजिबात नाही. धूर तर आहेच, शिवाय कायदाही आहे.

महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या जतनाचा कायदा 1975 चा. त्यात ‘झाड तोडणे’ याचा अर्थ कापणं एवढाच नाही. जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणंही त्यात येतं. म्हणजे रात्री गुपचूप ॲसिड ओतणं किंवा साल सोलणं हेही तोडणंच. जागा आपली असली तरी. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ म्हणून आणखी संरक्षण मिळालं. दोन पानांचं रोप उपटायला कुणी अडवत नाही. पण खोड झालेल्या झाडासाठी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात, परळकरांसाठी एफ दक्षिण विभागात, उद्यान खात्याकडे फोटोसह अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. इमारत उपकरप्राप्त असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळालाही त्याची प्रत द्यावी, कारण झाड काढल्यानंतरची भिंतीची डागडुजी हा खरा खर्चाचा भाग असतो. मालक म्हणतो भाडेकरूंनी करावं, भाडेकरू म्हणतात मालकाने. तोवर पिंपळ तिसऱ्या मजल्यावर पोचतो.

आणखी एक अडचण कागदावर येत नाही. पिंपळ तोडायला गवंडी तयार नसतो. घरातली वडीलधारी माणसंही नको म्हणतात. पिंपळावर मुंजा असतो, शनिवारी त्याला पाणी घालतात, त्याच्यावर करवत चालवायची? यावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही. (पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो, हा व्हॉट्सॲपवरचा दावा मात्र खोडायलाच हवा. ऑक्सिजन प्रकाशातच तयार होतो, झाड कितीही पवित्र असो.) त्यावरचा मार्ग सोपा आहे आणि जुन्या बायका तोच करत आल्या आहेत: रोप लहान असतानाच मुळासकट काढून कुंडीत लावायचं. भिंतीतून निघालेलं पिंपळाचं रोप मोठं चिवट असतं. पानं अर्धी खुडावीत, पंधरा दिवस सावलीत ठेवावं, ओल राखावी. बहुतेक वेळा जगतं. वर्षभराने गावाकडे, नदीकाठी, गायरानात, इमारतीपासून लांब जिथे शंभर वर्षं त्याला कुणी हात लावणार नाही अशा जागी नेऊन लावावं. तोवर कुंडी गॅलरीच्या कठड्यावर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नये. खालच्या भोकातून मूळ बाहेर येतं आणि दोन महिन्यांत परत भिंतीत शिरतं.